मानवत नाही, की अ‍ॅलर्जी आहे?

वाचकाचं पत्र :

मी ३३ वर्षांचा आहे. महिन्यातून दोन-तीनदा मित्रांबरोबर बसणं होतं. गेल्या वर्ष-दीड वर्षापासून बिअरचा अर्धा ग्लास संपायच्या आत चेहरा आणि कान तापतात, नाक गच्च होतं, शिंका सुरू होतात. मागच्या महिन्यात लाल वाइन घेतली, तर पंधरा-वीस मिनिटांत मानेवर आणि पोटावर गांधी उठल्या, छातीत घरघर लागली, पोटात मुरडा येऊन उलटी झाली. मित्रांना वाटलं, जास्त झाली. त्यांनी मला गच्चीवर फिरवलं, अ‍ॅलर्जीची एक गोळी दिली आणि झोपवलं. सकाळी काही नव्हतं. व्हिस्की एकदा चाखली होती, तेव्हा त्रास झाला नाही. एक मित्र म्हणतो, सवय नाही म्हणून होतं, हळूहळू जमेल. दुसरा म्हणतो, प्यायच्या आधीच अ‍ॅलर्जीची गोळी घेत जा. ही दारूची अ‍ॅलर्जी आहे का? असली तर ओळखायची कशी? लहानपणी दमा होता, आता पंप क्वचितच लागतो. सर्दी मात्र हटत नाही, वासही हल्ली कमी येतो. त्या दिवशी पाठ दुखत होती म्हणून सहाच्या सुमारास पेनकिलर घेतली होती आणि साडेसातला बसलो. बाकी वेगळं काही नव्हतं.
ता. क. – हँड सॅनिटायझर आणि खोकल्याच्या औषधातही अल्कोहोल असतं. तेही बंद करू का?

उत्तर :

नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना लक्ष बिअर, वाइन आणि व्हिस्कीकडे गेलं. दुसऱ्यांदा मात्र शेवटाकडे अडकले. दमा, न हटणारी सर्दी, गेलेला वास आणि संध्याकाळची पेनकिलर. ‘बाकी वेगळं काही नव्हतं’ असं तुम्ही लिहिलंय, पण मला तर त्या पत्रातलं सगळ्यात वेगळं तेच वाटतं. त्याकडे येते. आधी त्या रात्रीबद्दल बोलू, कारण ते मागे ठेवण्यासारखं नाही.

त्या रात्री तुम्हाला ‘थोडा त्रास’ झाला नव्हता. अंगावर गांधी, छातीत घरघर, पोटात मुरडा आणि उलटी, म्हणजे त्वचा, श्वास आणि पोट, तिन्ही ठिकाणी एकाच वेळी आणि तेही वीस मिनिटांत. अचानक त्वचेवर काही उठतं आणि त्याच्या जोडीला श्वासाचा त्रास होतो किंवा रक्तदाब घसरतो, त्याला वैद्यकशास्त्रात अ‍ॅनाफायलॅक्सिस म्हणतात. अ‍ॅलर्जीचं हे सगळ्यात घातक रूप, यात माणूस दगावू शकतो. तुम्ही सकाळी बरे उठलात याचा मला मनापासून आनंद आहे. पण तुम्ही त्या गोळीमुळे वाचलात, असं कृपा करून धरून चालू नका. अ‍ॅलर्जीची गोळी खाज आणि गांधी कमी करते, आणि त्यालाही अर्धा-पाऊण तास घेते. आवळलेली श्वासनलिका ती उघडत नाही आणि घसरलेला रक्तदाबही वर आणत नाही. अशा वेळी पहिलं औषध एकच, अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत.

मित्रांवर माझा राग नाही. त्यांनी तुम्हाला एकटं सोडलं नाही. पण त्यांनी जे केलं ते नीट समजून घ्या, कारण दारूच्या बाबतीत ही गफलत वारंवार होते. प्यायलेला माणूस उलटी करतो, लडखडतो, घाम फुटून पांढरा पडतो, आणि सगळे म्हणतात, चढली. अ‍ॅनाफायलॅक्सिसमध्येही माणूस उलटी करतो, लडखडतो, घाम फुटून पांढरा पडतो. हातात ग्लास असल्यामुळे दुसरी शंकाच कुणाच्या मनात येत नाही. मग त्याला उभं करून फिरवतात, तोंडावर पाणी मारतात. रक्तदाब घसरत असलेल्या माणसाला उभं करणं, चालवणं धोक्याचं असतं. हृदयाकडे परत येणारं रक्त एकदम कमी होतं आणि तो जागच्या जागी कोसळू शकतो. त्याला आडवं झोपवायचं आणि पाय उंच ठेवायचे. धाप लागली असेल तर टेकून बसू द्यायचं, उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवायचं, आणि लगेच रुग्णवाहिका बोलवायची. त्याला खोलीत एकटं झोपवून दार लोटून घ्यायचं नाही. बरं वाटल्यावरही काही तास रुग्णालयात देखरेखीखाली ठेवतात, कारण लाट ओसरून पुन्हा उसळू शकते.

चढणं आणि अ‍ॅलर्जी यांत फरक ओळखायला डॉक्टरच लागतो असं नाही. चढणं प्रमाणावर चालतं. जितकी जास्त पोटात जाते तितकी जीभ जड होते, तोल जातो. अ‍ॅलर्जीला प्रमाणाची पर्वा नसते, चार घोटही पुरतात. आणि नुसत्या नशेने अंगाला खाज सुटत नाही, गांधी उठत नाहीत, ओठ सुजत नाहीत, आवाज घोगरा होत नाही, छातीत शीळ वाजत नाही. तुम्ही लिहिलेला वाइनचा ग्लास अर्धाही संपला नसेल. त्याने कुणाला ‘जास्त’ होत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. आपल्या भाषेत यासाठी दोन साधे शब्द आहेत : एखादी गोष्ट आपल्याला ‘मानवत नाही’ आणि एखाद्या गोष्टीचं आपल्याला ‘वावडं’ आहे. बोलताना आपण ते कसेही वापरतो, पण इथे मी त्यांची वाटणी करते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. शरीराला एखादा पदार्थ नीट मोडता किंवा बाहेर टाकता येत नाही, तेव्हा तो मानवत नाही. शरीराची संरक्षणव्यवस्था एखाद्या निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडते, तेव्हा त्याचं वावडं, म्हणजे खरी अ‍ॅलर्जी. या दुसऱ्या प्रकारात बहुतेक वेळा आयजीई नावाची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) कामाला लागतात. ती त्वचेतल्या, नाकातल्या, आतड्यातल्या पेशींवर चिकटून बसलेली असतात. ओळखीचा पदार्थ आला की त्या पेशी फुटतात आणि हिस्टामिनसारखी रसायनं बाहेर ओततात. खाज, सूज, घरघर हे सगळं तिथून येतं.

खुद्द अल्कोहोलची, म्हणजे इथेनॉलची, खरी अ‍ॅलर्जी अत्यंत दुर्मीळ असते. ‘दारूची अ‍ॅलर्जी’ म्हणून जे सांगितलं जातं ते बहुतेक वेळा दुसरंच काही असतं. त्यात सगळ्यात जास्त चर्चा चेहरा लाल होण्याची होते, म्हणून त्याचा निकाल आधी लावते.

अल्कोहोल यकृतात मोडतं ते दोन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात त्याचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, हा विषारी पदार्थ. दुसऱ्या टप्प्यात एएलडीएच२ नावाचं विकर (एन्झाइम) त्याचं निरुपद्रवी अ‍ॅसिटेट करतं. काही लोकांमध्ये हे दुसरं विकर जन्मतःच लुळं असतं. पूर्व आशियात, म्हणजे जपान, चीन, कोरिया या भागात, तीन माणसांमागे साधारण एकाचं. जगभरात मिळून अशी सुमारे ५४ कोटी माणसं आहेत. त्यांच्या रक्तात अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतं आणि चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, डोकं दुखतं, मळमळतं. ही अ‍ॅलर्जी नव्हे, हे न मानवणं. दारू सोडवण्यासाठी देतात ते डायसल्फिराम नावाचं औषध हेच विकर मुद्दाम बंद पाडतं, यावरून तो त्रास केवढा असतो याची कल्पना येईल. मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल अशा जंतुसंसर्गावरच्या काही औषधांबरोबरही दारू टाळायला सांगतात ते याच जातीच्या त्रासाच्या भीतीने. इसबावर लावायच्या टॅक्रोलिमस मलमानेही प्यायल्यावर चेहरा लाल होऊ शकतो. रोझेशिया, म्हणजे चेहरा वारंवार लाल होण्याचा त्वचाविकार, असलेल्यांचे गाल तर एका घोटानेही पेटतात.

‘सवय नाही म्हणून होतं’ म्हणणाऱ्या मित्रासाठी हे लिहून ठेवा. लुळं विकर असलेल्या माणसाने नेटाने पीत राहिलं तर लाली पुढे खरंच कमी दिसू लागते. पण विकर सुधारत नाही, अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतच राहतं. अशा लोकांनी पिणं चालू ठेवलं तर त्यांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका इतर पिणाऱ्यांपेक्षा बराच जास्त असतो. दारूतून येणाऱ्या अ‍ॅसिटाल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. ज्याला लोक ‘जमायला लागलं’ म्हणतात, ते प्रत्यक्षात धोक्याची घंटा ऐकू येईनाशी होणं असतं. मला या ‘जमेल हळूहळू’चा फार त्रास होतो, कारण प्रेमापोटी दिलेला इतका घातक सल्ला दुसरा क्वचितच असेल.

तुमच्या बाबतीत मात्र हे जन्मजात कारण मला पटत नाही. कारण साधं आहे. जन्मतः विकर लुळं असतं तर आयुष्यातल्या पहिल्याच ग्लासाला चेहरा लाल झाला असता. तुमचा त्रास वर्ष-दीड वर्षाचा आहे, म्हणजे मध्येच काहीतरी बदललं. शिवाय त्या जन्मजात लालीत गांधी आणि घरघर सहसा नसते.

मग ग्लासात अल्कोहोलखेरीज काय काय असतं ते पाहू. बिअरमध्ये बार्ली असते, काहींत गहूही, शिवाय यीस्ट आणि हॉप्स. बार्लीतली काही प्रथिनं इतकी चिवट असतात की उकळून, आंबवूनही टिकतात आणि बाटलीपर्यंत पोचतात. वाइनमध्ये द्राक्षाची तशीच चिवट प्रथिनं असतात. वाइन निवळशंख करण्यासाठी कधी अंड्याचा पांढरा, दुधातलं केसीन किंवा माशाच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. त्याचा अंश क्वचित मागे राहतो. गोड लिक्युअरमध्ये बदाम, हेझलनट असू शकतात. ज्याला मुळात बदामाचं वावडं आहे त्याला वाटतं दारू बाधली, आणि प्रत्यक्षात बाधलेला असतो बदाम.

हिस्टामिन हे एक वेगळं प्रकरण. आंबवताना ते आपोआप तयार होतं आणि लाल वाइनमध्ये पांढरीपेक्षा सहसा जास्त असतं. आतड्यातलं एक विकर ते मोडतं, पण अल्कोहोल त्याच विकराच्या आड येतं. परिणामी डोकं दुखणं, नाक वाहणं, चेहरा तापणं.

आणि सल्फाइट. वाइन टिकावी म्हणून ते घालतात, थोडं आंबवण्यातही तयार होतं. पांढऱ्या वाइनमध्ये ते सहसा लालपेक्षा जास्त असतं, हे ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटतं. लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर अनेक देशांत बाटलीवर तसं छापावंच लागतं. ई २२० ते ई २२८ हे क्रमांक त्याचेच. ज्याला दमा आहे त्याने हे क्रमांक ओळखीचे करून घ्यावेत, कारण सल्फाइटने घरघर होते ती मुख्यतः दम्याच्या लोकांनाच. माझ्याकडे एक बाई यायच्या. पांढरी वाइन घेतली की त्यांची छाती भरून यायची. त्यांनी दारूची अ‍ॅलर्जी म्हणून स्वतःच निदान करून टाकलं होतं. बोलता बोलता त्या म्हणाल्या, प्रवासात सुके जर्दाळू खाल्ले तेव्हाही अस्संच झालं होतं, पण तेव्हा वाटलं गाडीतली धूळ असेल. केशरी, तकतकीत सुक्या जर्दाळूंवर सल्फाइटचाच हात असतो. ते एक वाक्य त्यांनी सांगितलं नसतं तर मी बराच काळ चाचपडत राहिले असते.

म्हणूनच ‘बाकी वेगळं काही नव्हतं’ या वाक्यावर माझा विश्वास बसत नाही. तुम्ही खोटं लिहिताय म्हणून नव्हे. माणसाला स्वतःचं वेगळं वेगळं दिसतच नाही म्हणून.

व्हिस्कीचा तुमचा दाखला मी बाजूला ठेवते. ऊर्ध्वपातनात, म्हणजे उकळून वाफ पुन्हा थंड करताना, धान्याची प्रथिनं मागे राहतात हे खरं. त्यामुळे बिअर-वाइन बाधते आणि व्हिस्की बाधत नाही, असं झालं तर संशय अल्कोहोलवरून उठून बार्ली, द्राक्ष, सल्फाइट किंवा हिस्टामिनवर जातो. पण तुम्ही ती एकदाच, चाखण्यापुरती घेतली होती, आणि त्या दिवशी पेनकिलर घेतली होती का, नाक कसं होतं, हे तुम्हाला आठवणार नाही. एवढ्याशा पुराव्यावर ‘व्हिस्की चालते’ असा निष्कर्ष काढून तिच्याकडे वळू नका.

आता पेनकिलर. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, अ‍ॅस्पिरिन ही एका कुळातली औषधं. ती दोन वाटांनी तुमच्या गोष्टीत आलेली असू शकतात.

पहिली वाट अशी. एखाद्या पदार्थाची हलकी अ‍ॅलर्जी असते, एरवी शरीर ती निभावून नेतं, पत्ताही लागत नाही. मग त्याच दिवशी त्याला जोड मिळते, पेनकिलरची, दारूची, भरपूर व्यायामाची, तापाची किंवा जागरणाची. दारू आणि या पेनकिलरमुळे आतड्याचं अस्तर सैल होतं आणि तो पदार्थ रक्तात जास्त उतरतो. एरवी गव्हाचं काहीही खाणाऱ्या माणसाला त्या एका संध्याकाळी अ‍ॅनाफायलॅक्सिस होतो आणि दोष जातो ग्लासाकडे. त्या रात्री वाइनबरोबर काय खाल्लं, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. आज बसून आठवा, मित्रांनाही विचारा.

दुसरी वाट मला जास्त खुणावते. मोठेपणी उलटणारा किंवा नव्याने लागणारा दमा, सतत चोंदलेलं नाक, कमी झालेला वास, आणि या कुळातल्या पेनकिलरने होणारी घरघर, हे चित्र एकत्र दिसतं त्याला अ‍ॅस्पिरिनने चिघळणारा श्वसनविकार म्हणतात. जुन्या पुस्तकांत त्याचं नाव सॅमटरचं त्रिकूट : दमा, नाकातले पॉलिप म्हणजे द्राक्षासारखे मऊ कोंब, आणि अ‍ॅस्पिरिन न सोसणं. दमा असलेल्या प्रौढांपैकी सुमारे ७ टक्क्यांमध्ये तो सापडतो आणि बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान डोकं वर काढतो. आणि या लोकांपैकी बहुसंख्यांना दारू घेतली की नाक गच्च होतं, शिंका येतात, काहींना छातीतही आवळतं, तेही थोड्याशा दारूने, बिअर आणि लाल वाइनने विशेष. तुमच्या पत्राची सुरुवात पुन्हा वाचा : अर्धा ग्लास, नाक गच्च, शिंका. पत्रावरून निदान करायचं नसतं आणि मी करत नाही. पण तुमच्या जागी माझा भाऊ असता तर मी त्याला याच आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं. दुर्बीण घालून नाकात पाहणं पाच मिनिटांचं काम आहे.

अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडे जायचंच आहे, आणि जाताना कोरड्या हाताने जाऊ नका. एक वही घ्या. मागच्या महिन्यातली ती संध्याकाळ आठवेल तशी मांडा. साधारण अशी : ‘पाच वाजता पाठ दुखत होती. सहाला पेनकिलर, पाकिटावरचं नाव अमुक. साडेसातला लाल वाइन, बाटलीवरचं नाव, किती घोट. बरोबर खाल्लं ते. पावणेआठला मानेला खाज. पाच-सात मिनिटांत पोटावर गांधी. मग घरघर, मग मुरडा, उलटी. किती वाजता अ‍ॅलर्जीची गोळी, तिचं नाव. खाज कधी थांबली. आदल्या रात्री झोप किती.’ पेनकिलरचं रिकामं पाकीट आणि बाटलीचा फोटो मिळाला तर सोन्याहून पिवळं. कुणी त्या रात्री तुमचे फोटो काढले असतील तर तेही मागून घ्या. गांधींचा एक धूसर फोटो माझ्या दहा प्रश्नांचं उत्तर देतो. मग मागे जा. बिअरच्या प्रत्येक वेळचं जे आठवेल ते. पेनकिलर घेतल्यावर दारू नसतानाही कधी नाक चोंदलं, छाती भरली? सुकामेवा, पाव किंवा बाटलीबंद रस यांनी कधी काही झालं? चेहरा नुसता तापतो की खाजतोही? नुसती लाली आणि खाजणाऱ्या, उंचवट्याच्या गांधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गांधींवर बोट दाबलं तर त्या फिकट होतात आणि एका जागच्या सहसा २४ तासांत मावळून दुसरीकडे उठतात.

तपासणीत काय होईल तेही सांगते, म्हणजे धाकधूक कमी होईल. हाताच्या आतल्या बाजूला पेनने खुणा करतात, प्रत्येक खुणेशी एकेक थेंब ठेवतात, बार्ली, गहू, द्राक्ष, यीस्ट असे, आणि थेंबातून त्वचेला बारीक टोचतात. रक्त येत नाही. पंधरा-वीस मिनिटं हात तसाच धरून बसायचं, खाजवायचं नाही. एखाद्या थेंबाखाली डास चावल्यासारखी गाठ आली आणि ती तुलनेसाठी ठेवलेल्या नुसत्या खाऱ्या पाण्याच्या थेंबापेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त मोठी असली, तर त्या पदार्थाविरुद्ध शरीर तयारीत आहे असं समजतात. अ‍ॅलर्जीच्या गोळ्या आधी साधारण आठवडाभर बंद असाव्या लागतात, नाहीतर हात कोराच राहतो. किती दिवस आणि कोणत्या, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आयजीईची रक्ततपासणीही असते, तिला गोळ्यांचा अडथळा नाही. पण सल्फाइट, हिस्टामिन आणि पेनकिलरचा त्रास यांत बहुधा आयजीईचा संबंधच नसतो, त्यामुळे या तपासण्या कोऱ्या आल्या तर ‘काहीच नाही’ असा अर्थ काढू नका. तिथे रुग्णालयात, सुई आणि औषधं हाताशी ठेवून, अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत जाऊन पदार्थ देऊन पाहतात.

हे शेवटचं वाक्य वाचून घरी प्रयोग करण्याचा विचार मनात आला असेल तर तो इथेच सोडा. अल्कोहोल नसलेली बिअर पिऊन पाहू, वाइनचे दोनच घोट घेऊन पाहू, नुसती पेनकिलर घेऊन पाहू, यांतलं काहीही नको. एकदा अ‍ॅनाफायलॅक्सिस झालेल्या माणसाची पुढची वेळ मागच्यापेक्षा सौम्यच असेल याची हमी कुणीही देऊ शकत नाही.

निदान होईपर्यंत दारू पूर्ण बंद, बिअर, वाइन, व्हिस्की, काहीच नाही. या कुळातली एकही पेनकिलर नाही. पाठ दुखलीच तर काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठेवा. सहसा पॅरासिटामॉल कमी मात्रेत चालतं, पण तुमच्यासाठी ते त्यांनी सांगितलेलं बरं. दम्याचा पंप आता सोबत असू द्या आणि अ‍ॅड्रिनॅलिनची तयार सुई जवळ ठेवायला हवी का, हा प्रश्न स्वतःहून विचारा. पुन्हा कधी तसं काही झालंच, तर रुग्णालयात ट्रिप्टेजसाठी, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या वेळी पेशींतून बाहेर पडणाऱ्या एका विकरासाठी, रक्त घ्यायची आठवण करा. ते पहिल्या काही तासांतच घ्यावं लागतं, चार तासांच्या आत, आणि अ‍ॅनाफायलॅक्सिस होता की नाही यावर त्यातून चांगला उजेड पडतो.

प्यायच्या आधी अ‍ॅलर्जीची गोळी घेण्याबद्दल माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ आहे. ती गोळी खाज आणि गांधी झाकते. म्हणजे जो पहिला इशारा पाहून तुम्ही ग्लास खाली ठेवला असता, तोच पुसला जातो, आणि आतली सूज, घरघर आपल्या गतीने चालू राहते. जुन्या धाटणीच्या गोळ्या दारूबरोबर इतकी झोप आणतात की स्वतःला काय होतंय हे सांगायची शुद्ध राहत नाही. लाली लपवायला काही जण आम्लपित्ताच्या गोळ्या घेतात. त्याने गाल गोरे राहतात आणि माणूस जास्त पितो, अ‍ॅसिटाल्डिहाइड मात्र तितकंच.

मित्रांना काय सांगायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रात ते जाणवतं. त्या रात्री काय झालं होतं त्याचं खरं नाव त्यांना सांगा. ‘मला डॉक्टरांनी बंद सांगितलंय’ एवढं पुरेसं आहे, त्यापुढे खुलासा देणं लागत नाही. ज्यांनी तुम्हाला गच्चीवर सावरून धरलं, ते ऐकतील. आणि त्यांतल्या एकाला तरी सुई कशी टोचायची, आडवं कसं झोपवायचं, हे दाखवून ठेवा.

तुमचा ता. क. : सॅनिटायझर हातावर सुकून जातो, त्यातून पोटात जवळजवळ काही जात नाही. आजवर त्याने हात खाजले किंवा लाल झाले नसतील तर खुशाल वापरा. खोकल्याच्या औषधात अल्कोहोलपेक्षा इतर घटकांकडे बघा. अल्कोहोल नसलेली औषधंही मिळतात, निदान होईपर्यंत तीच घ्या. सर्दीच्या तयार गोळ्यांत मात्र कधी आयबुप्रोफेन मिसळलेलं असतं. पाकिटामागची बारीक अक्षरं त्यासाठी वाचा.